परत कधी येतेस?

गेली सत्तावीस वर्षं माझ्या जर्मनीतल्या मैत्रिणीशी बोलताना फोन ठेवण्यापूर्वीचं माझं वाक्य ठरलेलं असायचं. ‘मग, परत कधी येतेस? कायमची?’ ती हसायची, ‘बघू’ म्हणायची, आणि फोन ठेवला की मी घरात जाहीर करायची, ‘बिचारी! सणासुदीला एकटी असते हो तिकडे.’ हे ‘बिचारी’ म्हणताना मला बरं वाटायचं. आज ते कबूल करते, आणि का बरं वाटायचं तेही सांगते.

आम्ही दोघी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकलो. टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी आणि मुलगी मात्र नपुंसकलिंगी, या व्याकरणावर पोट धरधरून हसलो. पुढे शिकायला तिकडेच जायचं, असं दोघींनी ठरवलं आणि दोघींनी अर्ज केले. 1997 साली तिला ड्रेस्डेनच्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. चार दिवसांनी माझंही आलं. ते मी कपाटात साड्यांच्या घडीखाली सरकवलं आणि तिला सांगितलं, ‘माझं नाही झालं गं.’ घरात कोणी अडवलं नव्हतं. वडील तर कर्ज काढायलाही तयार होते. मी घाबरले, इतकंच.

पण ‘घाबरले’ म्हणण्यापेक्षा ‘मला माणसांत राहायला आवडतं’ म्हणणं सोपं असतं. हळूहळू त्याचा एक सिद्धान्तच झाला. जर्मन माणसं थंड. त्यांची दारं कायम बंद. एकमेकांकडे जायचं तरी आधी तारीख आणि वेळ घेणार. आणि त्यांचा नाताळ म्हणजे काय, तर दुकानं बंद, रस्ते ओस आणि माणसं घरात कोंडलेली. आपल्याकडे अशा शांततेला सुतक म्हणतात. हे मी कितीतरी जणांना ऐकवलं असेल. तिकडे कधी गेलेच नसल्यामुळे माझा सिद्धान्त अगदी सुरक्षित होता.

गेल्या डिसेंबरात मात्र गेले. नोकरीतून मोकळी झाले होते, मुलगा आपल्या संसारात होता आणि मैत्रिणीने थेट तिकिटाच्या तारखाच विचारल्या. फ्रँकफुर्टला उतरून रेल्वेने ड्रेस्डेनला पोचले तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख होता. तिथे त्या दिवसांत सकाळी आठ वाजून गेल्यावर सूर्य उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. पुण्यात ज्या वेळी मी चहाचं आधण ठेवते, त्या वेळी तिथे रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात. अशा ठिकाणी माणूस एकलकोंडा होणार नाही तर काय, असं मनातल्या मनात म्हणून मी पुरावा क्रमांक एक नोंदवून ठेवला.

तिच्या घराखाली टॅक्सी थांबली. वर पाहिलं तर गॅलरीत आकाशकंदील! टोकदार पाकळ्यांचा, आत पिवळा दिवा. माझे डोळे भरूनच आले. बिचारीने दिवाळीचा कंदील अजून उतरवला नाही! वर जाऊन तिला मिठी मारून मी तसं म्हणालेही. ती हसायला लागली. ‘अगं, हा हेर्नहुटचा तारा. इथल्यांचाच आहे.’

हेर्नहुट हे इथल्याच सॅक्सनी राज्यातलं एक छोटं गाव. त्या भागातल्या मोरेवियन पंथाच्या शाळांमध्ये एकोणिसाव्या शतकात मुलांना भूमिती शिकवताना कागदाचे हे तारे करायला लावत. पंचवीस टोकं असतात, काही चौकोनी बुडाची, काही त्रिकोणी. दरवर्षी नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी घरची माणसं बसून ते जोडतात आणि नंतर पुन्हा सुटे करून खोक्यात ठेवतात. मैत्रीण म्हणाली, ‘पहिल्या वर्षी मी हाच दिवाळीत टांगला होता. शेजारच्या आजी घाईघाईने वर आल्या. म्हणाल्या, अजून मृतांचा रविवार व्हायचाय, त्याआधी तारा लावत नाहीत.’ नोव्हेंबरात एका रविवारी हे लोक आपल्या गेलेल्या माणसांची आठवण काढतात आणि तो होईपर्यंत नाताळची सजावट करणं जुन्या लोकांना रुचत नाही. पितृपक्षात सोनं घ्यायला निघालेल्या सुनेला आपल्याकडे जसं ऐकवतील, तसंच ते ऐकवणं. मला गंमत वाटली. पण सिद्धान्त जागच्या जागी होता. कारण तिच्याकडच्या पहिल्या पाच दिवसांत दाराची बेल फक्त एकदा वाजली, आणि तीही पार्सलवाल्याने वाजवली.

दिवसा आम्ही शहरात भटकायचो. ड्रेस्डेनचा नाताळ बाजार 1434 पासून भरतो. त्याला श्ट्रीत्सेलमार्क्ट म्हणतात, कारण श्टोलन या नाताळच्या पावाचं तिथलं जुनं नाव श्ट्रीत्सेल. मनुका, बदाम, संत्र्याची साल घातलेला आणि वरून पिठीसाखरेने पांढराशुभ्र केलेला हा पाव दुपट्यात गुंडाळलेल्या बाळ येशूसारखा दिसावा अशी कल्पना असते. एके काळी नाताळाआधीचे आठवडे उपवासाचे असत आणि त्यात लोणी वर्ज्य होतं. तेलात केलेला पाव कोणाच्या घशाखाली उतरेना, म्हणून सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी रोमला विनंती केली आणि 1491 साली पोपने लोणी वापरायला लेखी परवानगी दिली. उपवासाच्या नियमातून पळवाट काढून ती चवीने खाणारी माणसं मला एकदम घरची वाटली. साबुदाण्याची खिचडी आणि ही परवानगी एकाच जातीची.

बाजारात चौदा मीटरहून उंच लाकडी मनोरा होता, मजल्यामजल्यावर बाहुल्या फिरत होत्या. सुक्या आलुबुखारांचे चिमणी साफ करणारे पोरगे काड्यांवर टोचून विकायला ठेवले होते. दालचिनी-लवंग घातलेल्या गरम वाइनच्या कपासाठी अनामत रक्कम घेतात, कप परत केला की पैसे परत. गर्दी होती, पण आवाज नव्हता. बाजार कसला, वाचनालय! मी तसं म्हणाले तेव्हा मैत्रीण म्हणाली, ‘तू गोंगाटालाच उत्साह समजतेस.’ मला ते झोंबलं. कारण ते खरं होतं.

परतताना आम्ही फ्राउएनकिर्शसमोर थांबलो. फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बवर्षावानंतर हे चर्च कोसळलं आणि पूर्व जर्मनीच्या काळात त्याचा ढिगारा तसाच राहिला. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर ते पुन्हा बांधलं, 2005 मध्ये पुन्हा उघडलं. ढिगाऱ्यातले जुने काळवंडलेले दगड जमेल तिथे त्यांच्या मूळ जागी बसवले आहेत, त्यामुळे फिकट भिंतीवर काळे ठिपके दिसतात. काही लपवलेलं नाही. मी त्या भिंतीकडे बघत राहिले आणि कपाटातल्या पत्राची आठवण आली. पण तेव्हाही बोलले नाही.

चोवीस डिसेंबरला दुपारी दोनच्या आत दुकानं बंद होतात. नाताळची खरी रात्र तीच. आम्ही सकाळीच निघालो, तिच्या सासूबाईंकडे. त्या राहतात एर्त्सगेबिर्गमध्ये, चेक सीमेलगतच्या डोंगरात, आनाबेर्ग-बुखहोल्ट्सजवळच्या एका गावात. एर्त्सगेबिर्ग म्हणजे खनिजांचे डोंगर. पंधराव्या शतकाच्या अखेरीला आनाबेर्गच्या आसपास चांदी सापडली आणि रानात शहरं उभी राहिली. चांदी ओसरली, कथील काढलं. तेही पुरेना तेव्हा खाणकामगार लाकडाची खेळणी कोरू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर याच डोंगरांतून सोव्हिएत रशियासाठी युरेनियम काढलं गेलं. मैत्रिणीचे सासरे त्याच खाणीत होते.

गावात शिरलो तेव्हा बारीक पाऊस पडत होता. बर्फाचा पत्ता नव्हता. भेटकार्डांवर असतो तसा पांढरा नाताळ सखल जर्मनीत तर फारच क्वचित दिसतो, त्या वर्षी डोंगरातही दिसला नाही. घरी जाण्याआधी आम्ही दफनभूमीत गेलो. तिन्हीसांजेला तिथे माणसंच माणसं! जो तो आपल्या माणसाच्या थडग्यावर लाल काचेतला दिवा लावत होता. सासूबाईंनी दिवा लावला, दगडावरची पानं हाताने झाडली आणि नवऱ्याला काहीतरी सांगितलं. मैत्रिणीने कानात भाषांतर केलं, ‘गुडघा बरा आहे म्हणाल्या.’

बाहेर पडलो आणि मी पहिल्यांदा गाव नीट पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, दारं सगळी बंद. पण एकाही खिडकीला पडदा नव्हता आणि प्रत्येक खिडकीत दिव्यांची एक कमान होती. तिला श्विबबोगन म्हणतात. सर्वांत जुनी माहीत असलेली कमान 1740 ची, ती लोखंडाची आहे. ही कमान म्हणजे खाणीचं तोंड, असं गावकरी सांगतात. हिवाळ्यात खाणकामगार पहाटेच्या काळोखात खाली उतरायचा आणि संध्याकाळच्या काळोखात वर यायचा. आठवडाभर त्याला सूर्य दिसत नसे. घरी परतताना त्याला लांबून उजेड दिसावा म्हणून खिडकीत दिवे. म्हणजे त्या दिव्यांचं तोंड घराकडे नव्हतंच, रस्त्याकडे होतं. तिथून चालत जाणाऱ्या कोणासाठीही होतं. त्या संध्याकाळी माझ्यासाठी होतं.

सासूबाईंच्या खिडकीत कमानीशेजारी लाकडाच्या तीन लहान बाहुल्या होत्या. एक काळ्या गणवेशातला खाणकामगार आणि दोन पंखवाल्या देवदूत, प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. मी सहज विचारलं, ‘हे कोण?’ सासूबाई म्हणाल्या, ‘मुलं.’ इथे घरात जितके मुलगे तितके खाणकामगार आणि जितक्या मुली तितक्या देवदूत खिडकीत मांडायची जुनी रीत आहे. बंद दारापलीकडे कोण राहतं ते रस्त्यावरून कळतं. मला माहीत होतं, सासूबाईंना एक मुलगा आणि एक मुलगी. मग दुसरी देवदूत कोणाची?

ते उत्तर जेवताना मिळालं. चोवीसच्या रात्री या डोंगरात नऊ पदार्थ करतात, नोयनरलाय म्हणतात त्याला. अख्खे मसूर असतात, वर्षभर सुटे पैसे कमी पडू नयेत म्हणून. बटाट्याचे गोळे असतात, मोठे पैसे यावेत म्हणून. आंबवलेला कोबी, बीट, दुधात भिजवलेला पाव, सॉसेज. प्रत्येक ताटलीखाली एक नाणं. मी सॉसेज खात नाही, म्हणजे माझ्या पानात आठच होणार, या काळजीने सासूबाईंनी माझ्यासाठी मश्रूम परतले होते. मी येणार हे त्यांना महिनाभर आधी माहीत होतं. ज्या ‘तारीख आणि वेळ घेऊन’ येण्याला मी इतकी वर्षं हसत होते, त्याचा उपयोग माझ्या ताटलीत होता.

आणखी एक गोष्ट. त्या घरात जेवण संपेपर्यंत टेबलावरून कोणी उठत नाही, उठलं तर वर्ष वाईट जातं म्हणे. म्हणून सगळं आधीच मांडलेलं असतं. सणाच्या दिवशी घरातली म्हातारी बाई पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत सगळ्यांबरोबर बसून जेवतेय, हे मी माझ्या पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. आमच्या घरातल्या सणांना मी ज्याला जिव्हाळा म्हणत आले, त्यात आई कुठे असायची? ओट्यापाशी. नंतर तिथे मी उभी राहिले. हे मला पुण्यात कधी दिसलं नाही.

टेबलावर एक ताटली जास्तीची होती. ‘कोण यायचंय?’ मी माझ्या गंजलेल्या जर्मनमध्ये विचारलं. सासूबाई म्हणाल्या, ‘माहीत नाही. म्हणून तर मांडलीय.’

‘कधी कोणी आलंय का?’

टेबलावर एक क्षण हसू पसरलं. मैत्रीण म्हणाली, ‘आलं होतं ना. 1997 साली. मी.’

त्या वर्षी नाताळात विद्यार्थ्यांचं वसतिगृह रिकामं झालं होतं. वर्गातल्या एका मुलाला कळलं की ही एकटीच राहणार आहे, आणि घरी न सांगता-सवरता तो तिला इथे घेऊन आला. पुढे त्याच्याशीच तिचं लग्न झालं, पण ते बऱ्याच वर्षांनी. त्या रात्री ती फक्त जास्तीच्या ताटलीवरची पाहुणी होती. पुढच्या डिसेंबरात सासूबाईंनी बाजारातून एक देवदूत आणली आणि खिडकीत ठेवली. गोरीपान, निळ्या डोळ्यांची. मैत्रीण म्हणाली, ‘माझ्यासारखी अजिबात दिसत नाही. पण ती मीच.’

मी मसुरांत चमचा फिरवत बसले. ज्या नाताळात मी पुण्यात पहिल्यांदा ‘बिचारी’ म्हणाले, त्याच नाताळात ती या टेबलावर बसली होती.

जेवणानंतर सासूबाईंनी छोट्या ग्लासांत घरची बेरीची दारू ओतली आणि मला म्हणाल्या, ‘आता मला “तू” म्हण.’ जर्मनमध्येही आपल्यासारखं ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे, पण ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायचं ते मोठ्या माणसाने सांगितल्यावरच. एकदा सांगितलं की ते कायमचं. आमच्याकडे कोणीही कोणाला पहिल्या भेटीत ‘अगं’ म्हणतं आणि दुसऱ्या भेटीत नाव विसरतं.

सव्वीस तारखेलाही तिथे सुट्टी असते. दुपारी आम्ही दोघीच रानाच्या वाटेने फिरायला गेलो. मी म्हणाले, ‘तुला इथे कधी परकं वाटत नाही?’ ती म्हणाली, ‘वाटतं की. सगळं गोड आहे असं समजू नकोस. ड्रेस्डेनमध्ये परदेशी लोकांविरुद्ध मोर्चे निघाले, ते दिवस आम्ही तिथेच काढले. एकदा ट्राममध्ये एक माणूस माझ्या तोंडावर म्हणाला, परत जा.’ थोडं चालून गेल्यावर ती सहज म्हणाली, ‘तसं मला परत जा म्हणणारे दोघंच. एक तो, आणि एक तू.’

ती रागावलेली नव्हती. म्हणूनच ते फार लागलं. सत्तावीस वर्षं प्रेमाने विचारलेल्या त्या प्रश्नाचा अर्थ एवढाच होता, की तुझं घर हे घर नाही. तो माणूस हेच म्हणाला होता. त्याने द्वेषाने म्हटलं आणि मी मायेने म्हटलं, पण तिच्या कानाला शब्द तेच होते.

मग मी तिला पत्राचं सांगितलं. प्रवेश मिळाला होता, मी खोटं बोलले, घाबरले, सगळं. ती वाटेतच थांबली. मला वाटलं आता रडेल, नाहीतर चिडेल. ती म्हणाली, ‘म्हणजे तुझा प्रवेश हुकला आणि माझा झाला, याचं मी सत्तावीस वर्षं वाईट वाटून घेतलं ते फुकटच? मी इथे सगळ्यांना सांगायची, बिचारी हुशार होती, पण तिचं नाही झालं.’

दोघी एकमेकींची ‘बिचारी’ होतो. त्या ओल्या रानात आम्ही रानडेच्या वर्गातल्यासारख्या हसलो. जरा मोठ्यानेच, कारण समोरून कुत्रा घेऊन येणाऱ्या गृहस्थांनी टोपी उचलून अदबीने वाट बदलली.

माझं सगळंच मत बदललं असं म्हणणार नाही. चार वाजताचा काळोख मला सोसवला नाही. दुधात भिजवलेला पाव मी पुन्हा खाणार नाही. त्या दफनभूमीत एकटाच उभा असलेला एक म्हातारा होता. दुकानं-रस्ते बंद झाल्यावर त्याची रात्र कशी गेली असेल, हा प्रश्न मला अजूनही पडतो. शांत सणाची झळ एकट्याला जास्त लागते, हे खरंच आहे. पण गोंगाटातही माणूस एकटा असू शकतो, आणि त्याचा पत्ता तर शेजाऱ्यालाही लागत नाही. दार उघडं म्हणजे माया आणि दार बंद म्हणजे परकेपणा, हे माझं माप चुकलं होतं. आणि ते मी जर्मन लोकांना मोजायला काढलंच नव्हतं. स्वतः न गेल्याचं समर्थन करायला काढलं होतं. मैत्रिणीची कीव करण्यात माझे एवढे फायदे होते, की तिचं घर पाहायला मी सत्तावीस वर्षं लावली.

यंदाच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मी सगळं जेवण आधी मांडलं आणि सांगितलं, आता कोणी उठायचं नाही, मीसुद्धा नाही. सुनेने माझ्याकडे दोनदा पाहिलं. एक पान जास्तीचंही मांडलं होतं. कोणी आलं नाही. कंदील मात्र या वर्षी गॅलरीच्या आत न टांगता रस्त्याच्या बाजूला टांगला.

फोन अजूनही दर रविवारी होतो. ठेवताना तो प्रश्न आता मी विचारत नाही. गेल्या रविवारी तिनेच विचारला, ‘मग, परत कधी येतेस?’

मी तारीख आणि वेळ, दोन्ही सांगितली.